दोन किल्ल्यांचा महिना

पहिले घर विकत घेण्याच्या व्यवहारात किंमत कशी ठरवावी, कर्ज कोठून घ्यावे आणि कोणते कागद तपासावेत याविषयी सल्ला देणारे पुष्कळ असतात. राहते भाड्याचे घर नेमके कोणत्या तारखेला सोडावे, हा प्रश्न मात्र घरातल्या घरात, बहुधा रात्रीच्या जेवणानंतर पंचांग पुढ्यात घेऊन सोडवला जातो. लातूर आणि नांदेड या दोन शहरांत गृहकर्जाच्या प्रकरणांवर दोन दशकांहून अधिक काळ काम केलेल्या प्रस्तुत लेखकाचे निरीक्षण असे, की कर्ज नामंजूर झाल्याने जितकी कुटुंबे अडचणीत येतात, त्यांहून अधिक कुटुंबे कर्ज मंजूर झाल्यानंतर जुन्या घराची किल्ली घाईने परत केल्यामुळे अडचणीत येतात. बँकेच्या फाइलमध्ये या अडचणीसाठी रकाना नसतो, आणि म्हणूनच ती कोणाच्या अहवालातही येत नाही.

या दोन्ही शहरांतला भाडेकरू बहुतांशी खेड्यातून आलेला असतो. अहमदपूर, निलंगा, औसा किंवा मुखेड, कंधार, देगलूर अशा तालुक्यांतून नोकरीसाठी, मुलांच्या शिक्षणासाठी किंवा कोरडवाहू शेतीला कंटाळून आलेले हे कुटुंब पाच-दहा वर्षे 'किरायाने' राहते आणि मग शहरात घर करते. मराठवाड्यात 'भाडे' हा शब्द कागदावर असतो, बोलण्यात 'किराया' असतो, आणि घर सोडण्याला 'खाली करणे' म्हणतात. हैदराबाद संस्थानाच्या दप्तरी भाषेचा हा मागे राहिलेला ठसा आहे. तो केवळ शब्दांपुरता नाही. मुंबई इलाख्यातील भाडेकरूला १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा लागू होता, तर मराठवाड्यात १९५४ चा हैदराबाद घरे (भाडे, निष्कासन व पट्टा) नियंत्रण कायदा चालत असे, आणि १९५६ मध्ये हा प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आल्यानंतरही तो तसाच चालू राहिला. संपूर्ण राज्याला एकच भाडे कायदा मिळाला तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ या नावाने, आणि तो अमलात आला ३१ मार्च २००० रोजी. त्यानंतर पाव शतक लोटले तरी लातूर-नांदेडच्या गल्ल्यांत घर तोंडी बोलीवर किंवा, लोक ज्याला 'बाँड' म्हणतात त्या मुद्रांक कागदावर नोटरीचा शिक्का मारून दिले-घेतले जाते, याचे कारण या कायद्याचे अज्ञान हे जितके आहे तितकेच 'आपल्या माणसाकडून काय लिहून घ्यायचे' हा संकोचही आहे.

वास्तविक या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा कोणताही करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा सांगितलेली आहे; इतकेच नव्हे, तर असा करार नसल्यास भाड्याच्या अटींविषयी भाडेकरू जे म्हणेल ते, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, ही समजूत १९०८ च्या नोंदणी अधिनियमातून आलेली आहे, कारण त्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या पट्ट्यालाच नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात २००० नंतर त्या समजुतीला आधार उरलेला नाही. नोंदणीचा खर्च मोठा असतो ही दुसरी समजूत. दरमहा ८,००० रुपये भाडे आणि २५,००० रुपये अनामत असलेल्या अकरा महिन्यांच्या करारावर, एकूण भाडे अधिक अनामतीवरील दहा टक्के दराचे व्याज या रकमेच्या पाव टक्का, म्हणजे सव्वादोनशे रुपयांच्या आसपास मुद्रांक शुल्क लागते आणि महापालिका हद्दीत १,००० रुपये नोंदणी फी. ज्या घरमालकाने दारासमोर पेव्हर ब्लॉक बसवायला याच्या वीसपट खर्च केलेला असतो, तोही या रकमेपाशी अडतो, हे पाहून प्रस्तुत लेखकाला कधी कधी हसू आवरलेले नाही.

घर विकत घेणाऱ्या भाडेकरूच्या दृष्टीने मात्र अधिक महत्त्वाचे कलम दुसरेच आहे. 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणजे घरात कोणताही मालकी किंवा पट्ट्याचा हक्क निर्माण न करता ठरावीक मुदतीसाठी दिलेली वापराची परवानगी. तिची मुदत संपली की घर रिकामे करून दिलेच पाहिजे, आणि न दिल्यास कलम २४ नुसार परवाना शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. ज्याचा करार ३१ मे रोजी संपतो आणि नव्या घराचा ताबा 'पंधरा-वीस दिवसांत' मिळणार असतो, त्याच्यासाठी हे पंधरा-वीस दिवस कायद्याच्या भाषेत अनधिकृत वास्तव्याचे असतात. घरमालक सहसा कोर्टकचेरी करत नाही हे खरे. पण तो दुप्पट भाड्याचा आकडा अनामतीतून वळता करून घेऊ शकतो, आणि अनामत त्याच्या हातात असते.

लातूरमध्ये या प्रश्नाला एक खास धार आहे, आणि ती शहराच्या अर्थकारणातून आली आहे. 'लातूर पॅटर्न' या नावाने ओळखल्या गेलेल्या शिक्षणपद्धतीमुळे, आणि पुढे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवण्यांमुळे, राज्यभरातून विद्यार्थी येथे राहायला येतात; ट्यूशन एरियाच्या आसपासच्या गल्ल्यांत दोन खोल्यांचे घर एका कुटुंबाला देण्यापेक्षा 'कॉट बेसिस'वर, म्हणजे प्रत्येक खाटेमागे स्वतंत्र भाडे आकारून, सहा मुलांना देणे मालकाला फायद्याचे पडते. या बाजाराचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. त्यामुळे एप्रिलच्या शेवटी लातूरचा घरमालक कुटुंबवाल्या भाडेकरूकडे ज्या नजरेने पाहतो, ती ओळखीची होते. "सर, घर कधी खाली करायलाव?" हा प्रश्न तो अगदी मवाळपणे विचारतो, चहा पाजून विचारतो, परंतु त्याच्या मनात आकडा पक्का असतो, आणि जूनचा पहिला आठवडा हातचा गेला तर वर्ष गेले, ही त्याची भीतीही खोटी नसते. नांदेडमध्ये हा दबाव तुलनेने सौम्य आहे. तेथे विद्यापीठ, अभियांत्रिकी महाविद्यालय, रेल्वेचे विभागीय कार्यालय, गुरुद्वारा आणि बाजारपेठ यांमुळे भाडेकरू वर्षभर येत-जात राहतात, आणि श्रीनगर-भाग्यनगरकडचा मालक एखादा महिना थांबायला लातूरच्या मालकापेक्षा लवकर तयार होतो. एकाच मराठवाड्यातल्या या दोन शहरांत घर सोडण्याची तारीख इतक्या वेगळ्या कारणांनी ठरते, हे बदलीवर नांदेडला जाईपर्यंत प्रस्तुत लेखकाच्याही लक्षात आलेले नव्हते.

आता दुसऱ्या बाजूची, म्हणजे नव्या घराची तारीख. साठेखत म्हणजे पुढे विक्री करण्याचा नोंदणीकृत करार, खरेदीखत म्हणजे प्रत्यक्ष मालकी देणारा दस्त, आणि ताबा म्हणजे घर प्रत्यक्ष हाती येणे. या तिन्हींच्या तारखा वेगळ्या असू शकतात, आणि भाडेकरूने आपले बिऱ्हाड कोणत्या तारखेला बांधायचे हे सांगणारा चौथा कागद यांच्यात नाहीच. तो कागद म्हणजे महापालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधली असून ती राहण्यास योग्य आहे असा दाखला. १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका मालकी अधिनियमाने पूर्णत्वाचा दाखला मिळण्याआधी ताबा देण्यास विकासकाला मनाई केली आहेच, पण तसा ताबा घेण्यास ग्राहकालाही मनाई केली आहे, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, ज्याला सर्वजण 'रेरा' म्हणतात, त्यात आणखी एक उपयुक्त अंतर आखून दिले: भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यापासून दोन महिन्यांच्या आत ग्राहकाने ताबा घ्यावा. भाडेकराराची नोटीस सामान्यतः एक महिन्याची असते. म्हणजे भोगवटा प्रमाणपत्राची प्रत हातात पडल्यावर घरमालकाला नोटीस दिली, तरी ती नोटीस संपून वर एक महिना शिल्लक राहतो, आणि तेवढ्यात रंग, जाळ्या, पडदे आणि सामानाची ने-आण हे सर्व आटोपते. कायदा करणाऱ्यांनी भाडेकरूचा विचार करून हे अंतर ठेवले असेल असे नाही. ते जमून आले आहे, आणि जमून आलेल्या गोष्टीचा लाभ न घेणे हा शहाणपणा नव्हे.

परंतु येथे एक मोठी अडचण आहे. रेराची नोंदणी ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरील किंवा आठाहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पांनाच सक्तीची आहे. लातूरचा औसा रोड, खाडगाव रोड किंवा नांदेडचे तरोडा या भागांत पहिल्यांदा घर घेणारा माणूस ज्या चार-सहा रो-हाऊसच्या ओळीत किंवा लहानशा तीनमजली इमारतीत घर घेतो, ती बहुधा या मर्यादेच्या खाली बसते. तेथे विकासक म्हणजे एखादा कंत्राटदार, भागीदारीत उतरलेला कापडव्यापारी किंवा निवृत्तीचे पैसे गुंतवलेले गुरुजी असतात, आणि 'दिवाळीला किल्ली देतो' हे त्यांचे वचन फसवण्यासाठी दिलेले नसते. त्यांनाही तसेच वाटत असते. वाळू, मजूर, पाणी आणि पालिकेतील टेबल यांतले एकही त्यांच्या हातात नसते, एवढेच.

'ताबा' या एका शब्दात प्रत्यक्षात दोन निरनिराळ्या घटना दडलेल्या असतात, आणि त्यांतला भेद न केल्यानेच बहुतेक घोटाळे होतात. एक असतो पूजेचा ताबा आणि दुसरा राहण्याचा. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतच्या चातुर्मासात वास्तुशांती करत नाहीत, पितृपक्षात तर नाहीच नाही, पौष अनेकांना चालत नाही, आणि दर अडीच-तीन वर्षांनी येणारा अधिक मास सगळाच बाद होतो. राहिलेल्या मुहूर्तांत अक्षय्य तृतीयेवर आणि वैशाखातल्या तिथींवर सगळ्यांचा डोळा असतो, कारण उन्हाळ्याची सुटी असते, पाहुणे येऊ शकतात आणि जूनच्या मध्याला शाळा उघडण्याआधी बस्तान बसवता येते. २०२६ सालचा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा आहे. म्हणजे घर बदलण्याचा जो नेमका हंगाम, तोच त्या वर्षी मुहूर्ताविना जातो, आणि ज्यांचे घर एप्रिलमध्ये तयार होत नाही त्यांना शाळा सुरू झाल्यानंतरचा, पावसाच्या तोंडावरचा काळ उरतो.

अशा वेळी विकासकाला गळ घालून, घर अर्धवट असताना पूजेपुरती किल्ली घेतली जाते. लातूरच्या अशाच एका घराची वास्तुशांती प्रस्तुत लेखकाने पाहिली आहे. भिंतींना पुट्टीचा पहिला हात झालेला होता, खिडक्यांना चौकटी होत्या पण काचा नव्हत्या, आणि बांधकामाच्या तात्पुरत्या मीटरवरून ओढलेल्या एका तांबड्या वायरीला टांगलेला बल्ब होमाच्या धुरात पिवळा पडलेला होता. संडासात भांडे बसवलेले होते पण पाणी नव्हते, म्हणून बायकांसाठी शेजारच्या घरी विनंती करावी लागली. नव्या ओट्यावर, शेगडीखाली वर्तमानपत्र अंथरून, दूध उतू घातले गेले आणि ते ग्रॅनाइटवरून न पॉलिश केलेल्या कडेला झिरपत गेले, तेव्हा घरच्या आजी समाधानाने म्हणाल्या, की आता एक रात्र तरी येथे दिवा राहिला पाहिजे. आणि ती रात्र आजींनी, सून व एका नातवासह, मच्छरांच्या अगरबत्तीच्या भरवशावर तेथेच काढली. सकाळी सर्वजण भाड्याच्या घरी परतले. पूजेच्या आमंत्रणाला आलेल्या घरमालकाने मात्र 'वास्तू झाली' म्हणजे 'हे चालले' असा साधा अर्थ लावून नवा भाडेकरू ठरवून टाकलेला होता. त्याचा अर्थ चुकीचा म्हणता येत नाही. ताबा हा शब्द त्यानेही एकाच अर्थाने ऐकला.

पूजेच्या किल्लीला आणखी एक शेपूट असते. विकासकाचा माणूस किल्ली देताना ताबापावतीवर, म्हणजे घर सर्व सोयींसह मिळाले असे मान्य करणाऱ्या कागदावर, सही घेतो, आणि मुहूर्ताच्या गडबडीत ती केली जाते. रेराखालील प्रकल्पात ताब्यास उशीर झाला तर व्यवहारात टिकून राहिलेल्या ग्राहकाला ताबा मिळेपर्यंतच्या प्रत्येक महिन्याचे व्याज मिळण्याचा हक्क आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार त्याचा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआर दरापेक्षा दोन टक्के अधिक असा आहे. एमसीएलआर म्हणजे बँक ज्या किमान दराने कर्ज देऊ शकते तो दर. ज्याने पूजेपुरत्या ताब्याच्या पावतीवर तारीख टाकली, त्याने त्या व्याजाचे घड्याळ स्वतःच थांबवले असा युक्तिवाद विकासकाला करता येतो. पूजेसाठी किल्ली घ्यायची असेल तर साध्या कागदावर 'केवळ धार्मिक विधीसाठी, एक दिवसापुरती' असे लिहून घ्यावे. ही सूचना दिल्यावर पुष्कळांना ती अपशकुनी वाटते, पण ऐकणाऱ्यांना तिचा उपयोग झालेला आहे.

मग घाई होते कशासाठी? पैशासाठी, आणि हा मुद्दा हलका नाही. तीस लाखांचे घर आणि पंचवीस लाखांचे कर्ज, व्याज साडेआठ टक्के आणि मुदत वीस वर्षे, असे उदाहरण घेतले तर पूर्ण हप्ता सुमारे २१,७०० रुपये होतो. बांधकाम चालू असेपर्यंत बँक रक्कम टप्प्याटप्प्याने देते आणि दिलेल्या रकमेवरचे केवळ व्याज घेते, ज्याला 'प्री-ईएमआय' म्हणतात; वीस लाख उचलले गेले की ते व्याजच दरमहा १४,००० रुपयांच्या वर जाते, आणि त्यातून मुद्दलातला एक रुपयाही फिटत नाही. याच्या जोडीला ८,००० रुपये किराया. मुद्रांक शुल्क आणि स्थानिक अधिभार मिळून सहा टक्के धरले तर १,८०,००० रुपये, घर पत्नीच्या नावे घेतल्यास एक टक्का सवलतीने १,५०,०००, आणि नोंदणी फी ३०,०००. ही रक्कम रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे घराच्या किमतीत धरून कर्जात बसवता येत नाही, केवळ दहा लाखांपर्यंतच्या घरांना त्यात सूट आहे. म्हणजे ज्या महिन्यांत दोन्हीकडे पैसे द्यायचे असतात त्याच महिन्यांत हातातली शिल्लक संपलेली असते, आणि तेव्हा ८,००० रुपयांचा किराया हा घरातला सर्वांत मूर्ख खर्च वाटू लागतो. राहतो एकीकडे, व्याज भरतो दुसरीकडे, ही तक्रार प्रत्येक गृहिणीच्या तोंडून प्रस्तुत लेखकाने ऐकली आहे, आणि हिशेबाच्या वहीपुरती ती बरोबरच असते.

या तक्रारीतूनच मराठवाड्यातला तो परिचित निर्णय जन्माला येतो: घर अपुरे असतानाच राहायला जायचे. स्वतःच्या प्लॉटवर बांधणाऱ्यांत तर हीच रीत आहे. स्लॅब पडला, एका खोलीला दार बसले आणि बोअरला पाणी लागले की बिऱ्हाड हलते. किराया वाचतो, सिमेंट-सळईची राखण होते आणि मिस्त्रीवर नजर राहते. १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि मातीच्या जड माळवदाखाली हजारो माणसे गेल्यानंतर या भागात पक्क्या स्लॅबला जे मोल आले, त्यामुळे एकदा डोक्यावर स्लॅब आला की घर झाले, अशी भावनाही यामागे आहे. परंतु बँकेच्या बाजूने पाहिलेले चित्र निराळे आहे. पाया, स्लॅब, गिलावा आणि अंतिम काम अशा टप्प्यांवर कर्जाचे पैसे मिळतात, आणि माणसे राहायला लागली की पुढचा टप्पा लांबतो, कारण स्वयंपाकघरात गिलावा करायचा तर स्वयंपाक कोठे करायचा हा प्रश्न उभा राहतो. शेवटचा हप्ता न उचलताच बंद झालेली कितीतरी खाती प्रस्तुत लेखकाने पाहिली. त्या घरांच्या बाहेरच्या विटा दहा वर्षांनीही उघड्या आहेत. गुंठेवारीत, म्हणजे अकृषिक परवानगी व मंजूर रेखांकन न घेता शेतजमिनीच्या पाडलेल्या लहान तुकड्यांवर, बांधणाऱ्यांना तर बहुतेकदा कर्जच मिळत नाही आणि भोगवटा प्रमाणपत्राचा प्रश्नच येत नाही. २००१ चा गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा आणि २०२१ मध्ये त्याची २०२० अखेरपर्यंत वाढवलेली व्याप्ती यांचा लाभ होतो, पण तो घरात राहायला गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनी.

पाण्याविषयी वेगळे सांगितले पाहिजे, कारण लातूरमध्ये घर सोडण्याची तारीख पाणी ठरवते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेले हे शहर. त्या उन्हाळ्यात ज्यांच्याकडे जुन्या वस्तीतले, मोठा हौद असलेले भाड्याचे घर होते, त्यांनी तयार झालेले नवे घर कुलूप लावून ठेवले आणि पावसाची वाट पाहिली. शहराबाहेरच्या नव्या इमारती बोअरवर उभ्या असतात, आणि दिवाळीत पाहिलेले बोअर मे महिन्यात तसेच राहील याची शाश्वती मांजरा धरणही देत नाही. नांदेडला विष्णुपुरी प्रकल्पाच्या पाण्यामुळे ही टोकाची वेळ क्वचित येते. तेथे गोदावरी आणि आसना यांच्या काठच्या सखल वस्तीत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये राहायला जाऊ नये, एवढे पथ्य पुरते. घर घेणाऱ्याने ते उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा पाहावे, हा सल्ला जुनाच आहे. त्यात इतकीच भर घालायची, की दोन्ही वेळा जुन्या घराची किल्ली खिशात असावी.

तेव्हा सरतेशेवटी हिशेब एका महिन्याचा आहे. जुने आणि नवे अशी दोन्ही घरे हातात असलेला एक महिना, ८,००० रुपयांचा. तो वाचवण्यासाठी केलेल्या घाईची किंमत दुप्पट दराची भरपाई, दोनदा टेम्पो, दोनदा हमाली, फुटलेली काच, नातेवाइकाकडे टाकलेले सामान आणि मुलांची बुडालेली शाळा अशा तुकड्यांनी चुकवावी लागते, आणि तुकड्यांची बेरीज कोणी करत नाही म्हणून ती दिसत नाही. ज्याने घर नोंदवले आहे त्याने भाडेकरार नूतनीकरणाला येईल तेव्हाच त्यात दोन वाक्ये घालून घ्यावीत: भाडेकरूला एक महिन्याच्या लेखी सूचनेने केव्हाही घर सोडता येईल, आणि मुदत संपल्यावर त्याच भाड्याने आणखी दोन महिन्यांपर्यंत राहता येईल. 'लॉक-इन', म्हणजे ठरावीक काळ घर सोडता येणार नाही अशी अट, असल्यास ती काढून टाकावी. लातूरमध्ये ही मुदतवाढ जूनमध्ये पडणार असेल तर मालक खाटांचा हिशेब मांडून थोडे अधिक मागेल; ते द्यावे. सूचना लेखी द्यावी, तिच्या प्रतीवर मालकाची सही घ्यावी, किल्ली देण्याच्या दिवशी महावितरणच्या मीटरचे आकडे दोघांनी मिळून लिहावेत, आणि अनामत परत मिळणार असे धरून नव्या घराच्या कपाटाची ऑर्डर देऊ नये, कारण रंगाचे पैसे कापण्यावरून होणारा वाद किमान पंधरवडा चालतो.

हे सर्व दुसऱ्यांना सांगणाऱ्या प्रस्तुत लेखकाने स्वतःच्या वेळी यातले काहीही पाळले नव्हते. नांदेडच्या बाहेरच्या अंगाला घेतलेल्या लहानशा सदनिकेची किल्ली गुढीपाडव्याला मिळणार म्हणून फेब्रुवारीतच नोटीस दिली गेली, मार्चअखेर भाड्याचे घर खाली झाले, आणि पाडव्याला गुढी उभारली गेली ती सासुरवाडीच्या गच्चीवर. जावयाचा पाहुणचार आठवडाभर टिकतो. तो सत्तावन्न दिवस चालला. सामान एका मित्राच्या गोदामात तुरीच्या पोत्यांशेजारी होते, आणि पुस्तकांच्या दोन पेट्यांना वाळवी लागली. त्या घरात राहायला जाणे झाले ते मे महिन्याच्या शेवटी, मुहूर्त न पाहता. इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र त्यानंतर सात महिन्यांनी आले.